स्क्विरल मंकी म्हणजे छोटा रीसस नव्हे: लॅबमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत नाहीतर युरोपात न्यूरोसायन्स, फार्माकॉलॉजी किंवा मलेरियाच्या लॅबमध्ये जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी काहींच्या वाट्याला स्क्विरल मंकीचा प्रोजेक्ट येतो. मग प्रश्न ठरलेला असतो, की आधी रीसस माकडावर काम केलंय, हे तर एवढंसं आहे, सोपंच जाईल ना? नाही जात. किलोभराचं हे माकड दक्षिण अमेरिकेतलं, रीसस आपल्या आशियातला, आणि दोघांचं हार्मोन, खाणं, विणीचा हंगाम, व्हायरस, कळपाची रीत सगळंच वेगळं आहे. रीससचा प्रोटोकॉल (प्रयोगाचा लेखी आराखडा) उचलून वजनाप्रमाणे भागला आणि लावला की डेटा हमखास गंडतो, आणि माकडाचे हाल होतात ते वेगळेच. म्हणून कामाच्या क्रमानेच लिहितोय.

आधी हेच माकड का, ते स्वतःला विचारा

"आमच्या लॅबमध्ये आधीपासून आहेत" हे उत्तर धरायचं नाही. परवानगीची कमिटीही ते धरत नाही, निदान धरू नये. हे माकड काही ठरावीक प्रश्नांसाठीच चांगलं आहे.

मेंदूचंच घ्या. ह्याचा मेंदू बराचसा गुळगुळीत आहे, घड्या कमी, त्यामुळे हात हलवणारा कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) भाग वरच उघडा पडतो आणि त्याचा बिंदूबिंदूने नकाशा काढता येतो. रँडॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सायन्समध्ये छापलेला स्ट्रोकचा प्रयोग म्हणूनच ह्याच माकडावर झाला. बोटांच्या भागात छोटासा स्ट्रोक घडवला, मग माकडाकडून छोट्या छोट्या खळग्यांतून खाऊचे गोळे उचलून घेतले, रोज. अशी प्रॅक्टिस न दिलेल्या माकडांमध्ये शेजारचा शाबूत भागसुद्धा हाताचं काम सोडून देत होता, प्रॅक्टिस दिलेल्यांमध्ये तो टिकला, काहींमध्ये तर कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरला. आज स्ट्रोकनंतर फिजिओवाले "हात वापरा, वापरा" म्हणून मागे लागतात त्यामागे असलं काम आहे.

दुसरं रंगांचं. ह्या जातीत नर सगळे माणसातल्या रंगांधळ्यासारखे असतात, लाल-हिरव्यातला फरक त्यांना कळत नाही, आणि माद्यांपैकी काहींना मात्र तीन रंगांची नजर असते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नाइट्झ दांपत्याच्या लॅबने डाल्टन आणि सॅम नावाच्या दोन मोठ्या नरांच्या डोळ्यात माणसाचा ऑप्सिन जीन (रंग ओळखणाऱ्या प्रोटीनचा) घातला आणि साधारण २० आठवड्यांनी ते दोघं आधी न दिसणारे रंग ओळखायला लागले (डाल्टन हे नाव स्वतः रंगांधळा असलेल्या जॉन डाल्टनवरून, बरं का). हे २००९ ला नेचरमध्ये आलं. पण त्यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. इंजेक्शनच्या आधी खूप दिवस ही माकडं टचस्क्रीनवर रंगीत ठिपक्यांना हात लावायला शिकत होती, बरोबर आलं की द्राक्षाच्या रसाचा थेंब. ती तयारी नसती तर नंतर फरक पडला हे कशाच्या जोरावर सांगितलं असतं?

बाकी पटकन सांगतो. तोल सांभाळणाऱ्या कानातल्या नसांवर शिकागोत जे. गोल्डबर्ग आणि सीझर फर्नांडेझ ह्यांचं १९७१ चं काम ह्याच माकडावरचं. पार्किन्सनसाठी एमपीटीपी हे विष वापरून १९८४ मध्ये लँगस्टनने केलेलं कामही. व्हायव्हॅक्स मलेरियाचे पॅरासाइट ह्यांच्यात वाढवता येतात, बहुतेक वेळा प्लीहा काढून. प्रायॉनचे, म्हणजे बिघडलेल्या प्रोटीनमुळे मेंदूला होणारे आजार, जसे कुरु, सीजेडी, स्क्रेपी, हेही ह्यांना होतात. कोकेन, निकोटीनच्या सवयीवरचं कामही ह्यांच्यावर बरंच झालं, त्याचा विषय शेवटी येईल.

आणि कुठे वापरू नये? तुमचा प्रश्न स्टेरॉइडच्या डोसचा किंवा "माणसात स्ट्रेसने कॉर्टिसॉल किती वाढतं" असा थेट आकड्यांचा असेल तर थांबा. माणसाच्या रक्तात सकाळी कॉर्टिसॉल डेसिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, ह्यांच्यात ते शंभरच्या वर जाणं नेहमीचं आहे, आणि तरीही माकड ठणठणीत असतं, जास्त कॉर्टिसॉलच्या आजाराचं एक लक्षण दिसत नाही. कारण पेशीतला कॉर्टिसॉलचा रिसेप्टरच ते नीट पकडत नाही, एफकेबीपी५१ नावाचं प्रोटीन ह्यांच्यात फार जास्त असतं आणि ते रिसेप्टरला ढिला करतं. मग शरीर भरपाई म्हणून कॉर्टिसॉल ओततच राहतं. त्यामुळे पहिला रिपोर्ट बघून "अरे हे माकड भयंकर स्ट्रेसमध्ये आहे" असा ईमेल व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) टाकू नका, त्याच माकडाच्या स्वतःच्या बेसलाइनशी, म्हणजे नेहमीच्या पातळीशी तुलना करा, आणि सँपल रोज एकाच वेळेला घ्या.

नक्की कुठलं स्क्विरल मंकी?

हे फार लोक विसरतात. जुन्या पेपरांत सगळ्यांनाच सरसकट सैमिरी सायुरियस म्हटलेलं असतं, आणि आता आपल्याला माहीत आहे की त्यात बोलिव्हियन जातीचीही भरपूर होती. चेहऱ्यावरून ओळखायचा एक जुना मार्ग आहे. डोळ्यांवरची पांढरी कमान उंच, टोकदार असेल तर गॉथिक, बसकी गोलसर असेल तर रोमन. रोमन म्हणजे बोलिव्हियन्सिस, गॉथिक म्हणजे सायुरियस आणि त्याची भावकी. हे वर्णन पॉल मॅक्लीनने १९६४ च्या आरशाच्या प्रयोगात केलं, आणि गंमत म्हणजे गॉथिकवाली माकडं आरशातल्या स्वतःलाच बघून दमदाटीचं प्रदर्शन करायची, रोमनवाली तसं करायला फारशी तयार नसायची. म्हणजे नुसती कमान वेगळी नाही, वागणंही वेगळं. दोन्ही प्रकार एका ग्रुपमध्ये टाकून सरासरी काढलीत तर त्या सरासरीला काही अर्थ उरत नाही. कॉलनीच्या रेकॉर्डमध्ये जात लिहिलेली असेलच, पण शंका असेल तर क्रोमोसोम किंवा डीएनए तपासून घ्या, फोटोवर विसंबू नका. संकर झालेलीही असतात.

माकड कुठून आलं हेही तिथेच बघा. साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला पेरूमधल्या इक्विटोस आणि कोलंबियातल्या लेटिशियावरून ही माकडं अक्षरशः खोक्यांनी अमेरिकेत आली, नंतर त्या देशांनी निर्यात बंद केली. तसंच आपणही १९७८ मध्ये रीससची निर्यात बंद केली होती आणि तेव्हा तिकडच्या लॅबची पळापळ झाली होती. आता बहुतेक माकडं कॉलनीत जन्मलेली असतात, अमेरिकेत टेक्सासमधल्या बॅस्ट्रॉपला एमडी अँडरसनची मोठी कॉलनी आहे (ती आधी अलाबामात मोबिलला होती), आणि फ्रेंच गयानात केयेनला पास्तर इन्स्टिट्यूटची, मलेरियासाठी.

कागदपत्रं

अमेरिकेत संस्थेच्या आयएसीयूसीकडून (प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या कमिटीकडून) प्रोटोकॉल पास झाल्याशिवाय माकडाला हात लावायचा नाही. १९६६ च्या ॲनिमल वेल्फेअर ॲक्टमध्ये १९८५ साली भर पडली आणि माकडांच्या मानसिक स्वास्थ्याची सोय करणं बंधनकारक झालं, म्हणजे खेळणी, जोडीदार, खाणं शोधायची संधी ह्याचा लेखी प्लॅन लागतो. युरोपात २०१०/६३ हा निर्देश आहे आणि तो जागेच्या बाबतीत बराच उदार आहे. एक-दोन माकडांना कमीतकमी २ चौरस मीटर जमीन, पिंजऱ्याची उंची १.८ मीटर, पुढच्या प्रत्येक माकडामागे ०.५ घनमीटर, आणि पिल्लू सहा महिन्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही. अमेरिकेतला किमान आकडा ह्याच्या कितीतरी खाली आहे. माझं मत विचाराल तर कुठल्याही देशात असा, पिंजरा मागताना युरोपचा आकडा मागा, फार तर नाही म्हणतील.

भारतात हे काम करणारं कोणी मला माहीत नाही, पण केलंच तर सीसीएसईएची (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीची) परवानगी लागते, १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली. आणि घरी पाळण्यासाठी कोणी विचारत असेल तर हा लेख त्यांच्यासाठी नाही, तो विचार डोक्यातून काढा.

प्रोटोकॉल लिहिताना तीन गोष्टी आधीच पक्क्या करा, नंतर दुरुस्तीला महिने जातात. कुठल्या टप्प्यावर प्रयोग थांबवायचा (वजन किती टक्के उतरलं, किती तास खाल्लं नाही), एकूण किती रक्त घेणार, आणि शेवटी माकडाचं काय होणार. रक्ताचं गणित साधं आहे, आणि तरी चुकतं. ८०० ग्रॅमच्या माकडात रक्त साधारण ५० मिली, त्यातलं दहा टक्के म्हणजे ५ मिली, आणि तेही दोन आठवड्यांत मिळून. रीससवाल्या लॅबची एक मोठी ट्यूब भरली की तुमचा कोटा संपला.

शेजारी कोण आहे?

हा टप्पा मी मुद्दाम लांबवतोय कारण इथे चूक झाली तर माकडं मरतात, आणि ती तुमची नसतात, शेजारच्या खोलीतली असतात. स्क्विरल मंकी दोन हर्पिस व्हायरसचं नैसर्गिक घर आहे. एक हर्पिसव्हायरस सैमिरी, १९६८ मध्ये सापडलेला. ह्यांना काही होत नाही, पण मार्मोसेट, टॅमरिन आणि आउल मंकी ह्या दक्षिण अमेरिकेतल्याच दुसऱ्या माकडांना त्याने लिम्फोमा होतो. दुसरा हर्पिस टॅमरिनस, ह्यांच्या तोंडात फार तर छोटे अल्सर येतात, पण त्याच शेजाऱ्यांना तो मारूनच टाकतो. त्यामुळे ही माकडं आणि ती माकडं एका खोलीत कधीच नाही, एकाच दिवशी एकाच माणसाने दोन्हीकडे जायचं असेल तर आधी मार्मोसेट, आउल मंकी, मग स्क्विरल. उलट क्रम कधीही नाही. १९८५ मध्ये चॅलेंजर शटलमधून स्पेसलॅब ३ वर दोन स्क्विरल मंकी गेली, तेव्हा सैमिरी व्हायरस नसलेली माकडं शोधून काढावी लागली होती, एवढा तो सगळीकडे पसरलेला आहे.

दिलासा एवढाच, की बी व्हायरस (माणसाला जीवघेणा ठरू शकणारा हर्पिस) हा मॅकाकचा, म्हणजे रीसस आणि त्याच्या भावकीचा, तो ह्यांच्यात नैसर्गिकपणे नसतो. पण मॅकाकची ग्लोव्हज, जाळी, खोके इकडे वापरली तर तो दिलासाही गेला.

आणि माणसापासून माकडाला होतं त्याचं काय? ओठावर हर्पिसचे फोड आले असतील, गोवर, टीबीचा संपर्क असेल, नुसती जोरदार सर्दी असेल तरी आत जायचं नाही. टीबीची टेस्ट माकडांची होते तशी तुमचीही होते, आणि आपल्याकडे लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची स्किन टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून ऑक्युपेशनल हेल्थला आधीच सांगून रक्ताची टेस्ट मागा. बाहेरून आयात केलेल्या माकडांना अमेरिकेत किमान ३१ दिवस क्वारंटाइन असतो, तो काळ प्रयोगाच्या वेळापत्रकात धरा.

घर आणि खाणं

झाडावरचं माकड आहे, जमिनीवर क्वचित उतरतं. म्हणून पिंजऱ्याची उंची महत्त्वाची, वेगवेगळ्या जाडीच्या दांड्या, काही हलणाऱ्या. शेपटी लांब असते पण मोठेपणी ती पकडायच्या कामाची नसते, तोल सांभाळायला असते, आणि झोपताना ती खांद्यावरून गुंडाळून सगळी एकमेकांना चिकटून बसतात. खोली उबदार ठेवायची, तापमान एकदम वरखाली होऊ द्यायचं नाही. एकटं ठेवायचं नाही. जंगलात ह्यांचे कळप वीस-पंचवीसपासून कितीतरी मोठे असतात, एकट्या माकडाचा डेटा हा एकटेपणाचा डेटा असतो.

ग्रुप लावताना बोलिव्हियन जातीत माद्यांचा गट हा पाया धरा, नर विणीच्या हंगामाबाहेर कडेकडेनेच असतात. घट्ट मैत्रीण असलेल्या माद्या वेगळ्या करू नका, कारण "चक" नावाचा एक आवाज त्या आपल्या जवळच्यांशीच देवाणघेवाणीसारखा करतात आणि तो बंद झाला की ग्रुपमध्ये काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला कॅमेऱ्याच्या आधी कळतं. आवाज ओळखायला शिकाच. म्युनिकला मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये डेटलेफ प्लोग, विंटर आणि मंडळींनी १९६६ मध्ये ह्यांच्या आवाजांची वर्गवारी केली, आजही तीच वापरतात. लांबलेली उंच शीळ ऐकली तर माकड एकटं पडलंय.

खाण्यात दोन गोष्टींवर नजर. व्हिटॅमिन सी माणसासारखंच ह्यांनाही बाहेरून लागतं, आणि माकडांच्या तयार बिस्किटातलं सी साठवणीत उडून जातं, तेव्हा गोणीवरची तारीख वाचा. व्हिटॅमिन डी मात्र डी३ च लागतं, डी२ ह्यांना नीट वापरता येत नाही, त्यामुळे न्यू वर्ल्ड, म्हणजे अमेरिका खंडातल्या माकडांसाठीचंच खाणं मागवायचं, रीससची गोणी संपवायला देऊ नका. शिवाय किडे आवडतात, मीलवर्म द्या, फळं थोडी. गाभण माद्यांच्या फोलेटकडे लक्ष. आणि अंग एवढंसं, पचन जलद, म्हणून भूल द्यायच्या आधी मोठ्या प्राण्यासारखं रात्रभर उपाशी ठेवलंत तर साखर उतरून प्राणी गळून जातो, किती तास ते व्हेट ठरवेल.

हातात घेणं आणि शिकवणं

पहिले काही दिवस काही करू नका. खोलीत जा, बसा, त्यांना तुमची सवय होऊ द्या. मग खाऊ हातातून घ्यायला लावा, मग छोट्या बॉक्समध्ये शिरून बसायला, मग बॉक्स बंद व्हायला, मग बॉक्स वजनकाट्यावर ठेवायला. प्रत्येक पायरीला बक्षीस, गोड गोळी, रसाचा थेंब, नाहीतर मीलवर्म. हे जमलं की पकडापकडीची गरजच कमी होते, आणि जाड ग्लोव्हज घालून पाठलाग करून पकडलेल्या माकडाचं त्या दिवशीचं कॉर्टिसॉल, हार्टरेट, वागणूक सगळं कचऱ्यात. प्रयोगासाठी बांधून ठेवायच्या चेअरवर बसवायचं असेल तर मिनिटामिनिटाने वाढवत न्या. सेशन छोटी. ही माकडं चंचल असतात, पाच मिनिटांनी लक्ष गेलं म्हणजे ती ढ नाहीत, तुमचा टास्क कंटाळवाणा आहे.

नवख्यांना हमखास फसवणाऱ्या दोन सवयी. हातापायाला स्वतःची लघवी चोळतात, हे आजारपण नाही, नेहमीचंच आहे. आणि पाय फाकून लिंग दाखवणं हे त्यांच्यात दरडावणं किंवा सलामी असतं. वागणुकीच्या शीटमध्ये ह्यांना "अबनॉर्मल" खाली टाकू नका.

हंगाम

रीससवाल्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. विणीच्या हंगामात नर फुगतात, खांदे-पाठ-दंड भरून येतात, वजन पाचव्या हिश्शापर्यंत वाढू शकतं, आणि स्वभाव चिडका होतो. म्हणजे जानेवारीत काढलेला डोस ऑगस्टच्या माकडाला बसत नाही, आणि औषधाने वजन वाढलं की हंगामाने, हे सांगता येत नाही. उपाय एवढाच की वजन दर आठवड्याला लिहा, कंट्रोल आणि प्रयोगाची माकडं एकाच काळात घ्या, तुलना करायचे दोन टप्पे हंगामाच्या दोन टोकांना ठेवू नका. उत्तर गोलार्धातल्या कॉलनीत जोड्या हिवाळ्याच्या आसपास जमतात, पिल्लं उन्हाळ्यात. गाभणपण पाच महिन्यांच्या आसपास. पिल्लू जेमतेम शंभर ग्रॅमचं, पण आई सहाशे-सातशेची, डोकंही मोठं, त्यामुळे बाळंतपणं अडतात आणि पहिल्या काही दिवसांत पिल्लं जातात. त्या आठवड्यांत रात्रीची फेरी ठरवून ठेवा, आणि त्या खोलीत दुसरं कुठलंही काम घेऊ नका.

पिल्लांवर काम असेल तर स्टॅनफर्डचं काम जरूर वाचा. सिमोर लेव्हिन आणि नंतर डेव्हिड लायन्स, कॅरन पार्कर ह्यांनी पिल्लांना आठवड्यातून एकदा तासभर कळपापासून वेगळं ठेवलं, आणि ती पुढे नव्या जागी उलट कमी घाबरली. स्ट्रेस दिला म्हणजे बिघडणारच असं नसतं, किती, कधी, किती वेळ ह्यावर असतं. पण ह्याचा आधार घेऊन कोणी पिल्लं दिवसदिवस वेगळी ठेवत असेल तर त्याने तो पेपर वाचलेला नाही.

लिहिताना

पेपरमध्ये जात, लिंग, वय, कुठे जन्मलं, हंगाम, एकटं की ग्रुपमध्ये, आधी कुठली औषधं दिली होती, सगळं लिहा, अराइव्हची (प्राण्यांवरच्या प्रयोगांचा पेपर कसा लिहावा ह्याच्या नियमांची) यादी समोर ठेवून. आधीच्या औषधांचं विशेष. ही माकडं वीस वर्षांच्या वर जगू शकतात आणि एका प्रयोगातून दुसऱ्यात जातात, आठ वर्षांपूर्वी कोकेनवर असलेलं माकड आज तुमच्या "नाईव्ह", म्हणजे आधी कुठलंच औषध न मिळालेल्या ग्रुपमध्ये नको.

संपल्यावर

१९५९ च्या मे महिन्यात बेकर नावाची स्क्विरल मंकी आणि एबल नावाची रीसस ज्युपिटर रॉकेटमधून एकत्र वर जाऊन जिवंत परतल्या. एबल चारच दिवसांत इलेक्ट्रोड काढताना गेली, बेकर मात्र १९८४ पर्यंत जगली, अलाबामातल्या हंट्सव्हिलला तिची कबर आहे आणि लोक तिथे केळी ठेवतात. (तिच्या आधी १९५८ ला गॉर्डो गेला होता, तो समुद्रातून परत मिळालाच नाही.) म्हणजे प्रयोगानंतर पंचवीस वर्षं, ती कोण सांभाळणार हे आधी ठरवायला लागतं.

एफडीए ह्या अमेरिकेतल्या औषध नियंत्रण संस्थेच्या निकोटीनच्या प्रयोगात हेच उशिरा झालं. आर्कान्सामधल्या त्यांच्या केंद्रात कोवळ्या वयातल्या स्क्विरल मंकींवर तो चालू होता, चार माकडं मेली, चिंपांझींच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध जेन गुडॉलनी २०१७ मध्ये एफडीएला पत्र लिहिलं, २०१८ च्या जानेवारीत एफडीएने तो कायमचा बंद केला आणि उरलेली २६ माकडं फ्लॉरिडातल्या अभयारण्यात पाठवली. निकोटीनचा प्रश्न महत्त्वाचा होता की नव्हता ह्यावर मी इथे भांडत नाही, पण जागा, पैसे आणि वाहतूक ही बोंबाबोंब झाल्यावर शोधायची गोष्ट नाही.

तेव्हा ग्रँट लिहितानाच रिटायरमेंटची ओळ टाका. अभयारण्याला पाठवताना फाइलमध्ये जात, दोन्ही हर्पिसचे रिपोर्ट, टीबीच्या तारखा, अंगात राहिलेलं काही इम्प्लांट किंवा चिप, कुठल्या माकडाशी पटतं आणि कुठल्याशी नाही, आणि सध्या चालू असलेलं बिस्किट कुठलं हे सगळं असू द्या. बिस्किटाची एक गोणीही सोबत पाठवा, प्रवासानंतर पहिले काही दिवस ती नवीन खाणं तोंडात घेत नाहीत.